पात्रता शर्यत दाखवताना कॅमेरा कुणावर असावा?

प्रश्न : गंगापूर रोडचा प्रेक्षक

माझी पंधरा वर्षांची पुतणी गेली तीन वर्षे लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव करते आणि तिच्यामुळे मलाही अॅथलेटिक्स पाहण्याची गोडी लागली आहे. जून 2024 मध्ये अमेरिकेतील यूजीन येथे झालेली ऑलिम्पिक निवड चाचणी आम्ही इंटरनेटवर जेवढी दिसली तेवढी पाहिली. तिथली संध्याकाळी सातची शर्यत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला येते, त्यामुळे मैदानावरून परतल्यावर ती चहा घेता घेता पाहू शकत असे. महिलांच्या 800 मीटरच्या अंतिम शर्यतीत टोकियोची सुवर्णपदक विजेती अथिंग मू पहिल्याच फेरीत पडली, उठून धावली, पण शेवटची आली आणि त्या प्रकारात पॅरिसला जाऊ शकली नाही. ‘ती तर विजेती आहे, मग तिला का नेणार नाहीत?’ या पुतणीच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आले नाही. आपल्याकडे अशी एकच निर्णायक चाचणी का नसते, आणि आपल्या स्पर्धांचे प्रक्षेपण पाहून झाल्यावरही नेमके कोण पात्र ठरले हे का कळत नाही, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड

आपल्या पुतणीचा प्रश्न योग्य आहे. अमेरिकेत एकेका प्रकारात जागतिक दर्जाचे आठ-दहा खेळाडू असतात, मात्र ऑलिम्पिकला एका देशाचे तिघेच जाऊ शकतात. त्यामुळे पूर्वीचे पदक बाजूला ठेवून त्या दिवशीच्या पहिल्या तिघांना निवडायचे, असा त्यांचा दंडक आहे. मात्र तिसरा क्रमांक मिळाला म्हणजे काम झाले असेही नाही, कारण जागतिक संघटनेची पात्रता वेळ किंवा क्रमवारीतील स्थानही लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये ऑरलँडोच्या मॅरेथॉन चाचणीत तिसरा आलेला लिओनार्ड कोरीर शर्यत संपली तेव्हा पॅरिसला जाणार की नाही हे ठरलेले नव्हते. त्याची जागा पुढे काही महिन्यांनी निश्चित झाली.

आपल्याकडे बहुतेक प्रकारांत पात्रता वेळ गाठणारे तिघे मिळणेच कठीण असते. त्यामुळे आपल्या खेळाडूची झुंज शेजारच्या लेनशी कमी आणि घड्याळाशी अधिक असते. जून 2024 च्या अखेरीस पंचकुला येथे झालेली राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धा ही पॅरिससाठीची आपली शेवटची मोठी संधी होती. तिथे किरण पहल हिने 400 मीटर अंतर 50.92 सेकंदांत पूर्ण केले आणि पात्रता वेळ होती 50.95. हे तिने अंतिम शर्यतीत नव्हे, तर त्याआधीच्या फेरीत साधले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. केवळ अंतिम शर्यतींसाठी कॅमेरा लावणाऱ्याच्या हातून अशा स्पर्धेतील सर्वांत मोठा क्षण निसटतो. पडद्याच्या कोपऱ्यात धावत्या वेळेशेजारी पात्रता वेळ सतत दाखवली, तर समालोचकाने एक शब्दही न बोलता घरबसल्या प्रेक्षकाला सगळे कळेल.

उत्तर 2 : सातपूरची जुनी धावपटू

सरांशी मी पूर्णपणे सहमत आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतींबद्दल थोडे जोडते. 10,000 मीटर म्हणजे 25 फेऱ्या. पॅरिससाठी महिलांची पात्रता वेळ 30 मिनिटे 40 सेकंद होती, म्हणजे प्रत्येक फेरी सरासरी 73.6 सेकंदांत व्हायला हवी. हा एक आकडा माहीत असला की जी शर्यत लोकांना कंटाळवाणी वाटते ती श्वास रोखून पाहावीशी वाटते, कारण सोळाव्या फेरीला 75 लागले की पुढे कुठेतरी ते दीड सेकंद भरून काढावे लागणार, हे आपल्याला दिसत असते. दुर्दैवाने नेमक्या याच मधल्या फेऱ्यांत जाहिरात लागते आणि परत येतो तोवर शेवटच्या फेरीची घंटा वाजलेली असते. शिवाय कॅमेरा आघाडीच्या धावपटूवर खिळून राहतो, आणि जिथे तिसऱ्या जागेसाठी दोघींची झटापट चाललेली असते ती चौकटीबाहेर राहते. निवड चाचणीत पहिली आणि दुसरी या दोघींनाही सारखेच तिकीट मिळते. आयुष्य बदलते ते तिसरी आणि चौथी यांच्या मधल्या अंतरात.

आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉन 2 तास 38 मिनिटे 38 सेकंदांत जिंकून रिओ ऑलिम्पिकची पात्रता मिळवली, तेव्हा मर्यादा 2 तास 45 मिनिटांची होती. मी तेव्हा सुवर्णपदकाची बातमी वाचली, आणि रिओचे तिकीट त्याच धावण्यातून आले हे मला बरेच उशिरा समजले. ताई, दादा, जे कोणी मुलांना खेळ दाखवत असाल, त्यांना आधी पात्रता वेळ सांगा आणि हातात स्टॉपवॉच द्या.

उत्तर 3 : चांदवडचा वाचक

दोष सर्वस्वी प्रक्षेपणाचा आहे, हे मला मान्य नाही. जानेवारी 2024 मध्ये रांचीला महिला हॉकीची पात्रता स्पर्धा झाली. आठ संघ आणि पहिल्या तिघांना पॅरिस, एवढा साधा नियम होता. तिसऱ्या जागेच्या सामन्यात जपानने सहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेली चोपन्न मिनिटे आमच्या घरात कुणी जागेवरून हलले नाही. आपण 0-1 हरलो. काय पणाला लागले आहे हे गुणफलकच सांगत होता. अॅथलेटिक्स किंवा नौकानयनात ते आपोआप दिसत नाही, म्हणून मुद्दाम दाखवावे लागते, इतकाच फरक आहे. आमच्या तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांनी 2016 मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे नौकानयनाच्या पात्रता स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवून रिओ गाठले, आणि आम्हाला ते वर्तमानपत्रातून कळले. ज्या पाण्यावर ते ठरले ते पाहायला मिळाले असते, तर इथल्या किती पोरांनी वल्हे हाती घेण्याचा विचार केला असता, असे आजही मनात येते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही 10,000 मीटरच्या एका शर्यतीचे रेकॉर्ड केलेले प्रक्षेपण लावले. पुतणीने वहीच्या कागदावर पंचवीस रकाने आखले, वर 73.6 लिहिले आणि प्रत्येक फेरीची वेळ स्वतः घेतली. मागे पडत चाललेली तिसरी धावपटू तिला समालोचकाच्या आधी दिसली, आणि ती एकदम उभी राहिली. त्या कागदावर चौदा ते सतरा हे रकाने मात्र कोरे आहेत, कारण तेवढा वेळ पडद्यावर जाहिराती चालू होत्या.