आजोबांच्या चिनी धुपाटण्याखाली सहा अक्षरं आहेत, खरंच मिंग काळातलं असेल का?

गिरगावकरीण

नमस्कार मंडळी. आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायचीय आणि देवघराच्या खालच्या फळीवर माझ्या जन्माच्याही आधीपासून जे धुपाटणं आहे त्यावरून घरात रोज बोलणं चाललंय. आजोबा फोर्टात एका पारशी शेटच्या पेढीवर मेहताजी होते, १९५० च्या सुमारास शेटच्या घरच्यांनी बंगला विकला तेव्हा आठवण म्हणून त्यांना हे दिलं. आजी रोज दिवेलागणीला करवंटीचे निखारे घालून यात ऊद जाळायची, मग आई, आता मी गुरुवारी आणि सणावाराला.

बुटकं आहे, पोट फुगीर, काठावर दोन कान, खाली तीन छोटे पाय. तोंड १२ सेंमी. किचनच्या काट्यावर १ किलो ४६० ग्रॅम भरलं, आकाराच्या मानाने फारच जड. रंग भाजलेल्या चिंचोक्यासारखा. लहानपणापासून बघतेय पण परवा पहिल्यांदा उलटं करून बघितलं तर तळाला चौकटीत सहा चिनी अक्षरं! फोनवर भाषांतर केलं तर 'थोर मिंग घराण्याच्या शुआनदे काळात बनवलेलं' असं आलं, म्हणजे १४२६ ते १४३५. माझे हात थरथरले खरंच.

आता चुलतभाऊ सिंगापूरला असतो तो म्हणतो मी दिवाळीला येतोय तेव्हा बॅगेतून नेतो आणि हाँगकाँगच्या लिलावात देतो, काकू म्हणतायत आधी पितांबरी लावून लख्ख कर मग काय ते बघू, आणि मला यातलं काहीच करावंसं वाटत नाही पण माझ्याकडे सांगायला कारण पण नाही. जाणकार असाल तर सांगा.

जुनं_पितळ

ताई, सगळ्यात आधी, काकूंना थांबवा. बाकी सावकाश.

मी वीसेक वर्षं या धूपदाण्या जमवतोय, माझ्याकडे नऊ आहेत, त्यातल्या सातांवर हाच शिक्का आहे आणि त्यातली एकही शुआनदे काळातली नाही. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका, पूर्ण वाचा.

गोष्ट अशी सांगतात की १४२८ साली शुआनदे बादशहाला पूजेची जुनी भांडी पसंत पडेनात, सयामच्या (आजचं थायलंड) राजाकडून उत्तम तांबं भेट आलं होतं, ते बारा वेळा शुद्ध करून त्यातून हजारो धूपदाण्या ओतल्या. ही गोष्ट ज्या पुस्तकांमध्ये आहे ती बरीच नंतरची असावीत असं अभ्यासकांचं मत आहे, आणि 'ही नक्की त्याच ओतकामातली' असं सगळ्यांनी मान्य केलेली धूपदाणी आजवर कुठल्याही म्युझियममध्ये नाही. पण त्या नावाची कीर्ती एवढी झाली की मिंग काळाच्या अखेरीपासून पुढे मिंगनंतरच्या चिंग घराण्याचा अख्खा काळ आणि विसाव्या शतकातही कारागीर हा शिक्का मारत राहिले. सगळ्यांनीच फसवायला मारला असं नाही. चांगल्या कामावर जुन्या मानाच्या काळाचं नाव घालायची तिकडे पद्धतच होती. त्यामुळे या शिक्क्याला तारीख समजू नका, घराणं समजा, जसं गवई आपल्या घराण्याचं नाव सांगतो तसं.

आता काय बघायचं. अक्षरांच्या कडा भिंगाखाली बघा, जुन्या चांगल्या कामात अक्षरं ओतून मग छिन्नीने साफ केलेली असतात, चौकटीची जमीन सपाट असते, कडा धारदार पण मायाळू असतात (दुसरा शब्द सुचत नाही, बघितल्यावर कळतं). ॲसिडने कोरलेली अक्षरं उथळ आणि सगळीकडे एकाच खोलीची दिसतात. चौथं अक्षर 'दे' आहे, त्यात खालच्या 'हृदय' या भागाच्या डोक्यावर एक आडवी रेघ असते, शुआनदे काळात ती गाळून लिहायचे. तुमच्यात रेघ आहे का बघा, पण नकलाकारांना हे शेकडो वर्षं माहीत आहे तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

आणि पाय बघा. पायाचे टोक, कानाची वरची कड, जिथे हात लागतो तिथे रंग घासून आतला पिवळा धातू दिसायला हवा, आणि खाचांत गडद रंग राहायला हवा. सगळीकडे सारखाच हिरवा-काळा रंग असेल तर संशय घ्या. मी एकदा एका दुकानात (कुठल्या ते लिहीत नाही) अशीच हिरवीगार धूपदाणी घेतली, घरी येऊन कापसाला ॲसिटोन लावून तळाला फिरवला तर रंग कापसावर आला. त्या वर्षीचा बोनस गेला माझा.

तांबटाचा_नातू

गिरगावकरीण ताई, पॉलिशबद्दल मी बोलतो कारण आमच्या तीन पिढ्या भांड्यात गेल्या.

आपल्याकडे पितळ म्हणजे लख्खच पाहिजे असं लहानपणापासून शिकवतात आणि समईला, तांब्याला ते बरोबरच आहे. पण या चिनी धूपदाण्यांवर नक्षी जवळजवळ नसतेच, सगळी कारागिरी आकारात आणि रंगात. तिकडच्या विद्वान लोकांनी त्या रंगांना नावं दिली होती, चेस्टनटच्या सालीचा रंग, वांग्याच्या सालीचा रंग, पोथीच्या जुन्या कागदाचा रंग. मंद राखेवर वर्षानुवर्षं ऊब देऊन आणि हाताने पुसून तो रंग जपायचे. तुमचा चिंचोक्याचा रंग म्हणजे तुमच्या आजीने, आईने आणि तुम्ही सत्तर वर्षांत त्यावर चढवलेली शेवटची पुटं आहेत हे काकूंना सांगा. पितांबरी लावली की दहा मिनिटांत ते सगळं मोरीत.

चिंच-मीठ तर अजिबात नको, मिठातलं क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत शिरलं की बाहेर येत नाही आणि आपल्या पावसाळ्याच्या दमट हवेत आतून खात बसतं, वर फिकट हिरवी भुकटी येते, पुसली की परत येते. तसे ठिपके दिसले तर खरवडू नका, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि कन्झर्व्हेटरला (जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या जाणकाराला) दाखवा. आणि चुकूनही कल्हईवाल्याकडे देऊ नका, तो नवसागर वापरतो, ते पण क्लोराइडच. हे मी माझ्याच माणसांविरुद्ध बोलतोय पण खरं ते खरं.

धातूचं म्हणाल तर मिंगच्या अखेरीपासूनच्या बऱ्याचशा 'ब्राँझ' धूपदाण्यांत जस्त भरपूर असतं, म्हणजे आपल्या भाषेत त्या पितळेकडे झुकतात. हॉलमार्किंग सेंटरमध्ये सोनं तपासायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) मशीन असतं, ओळखीत कोणी असेल तर तांबं-जस्त-शिसं किती ते बघून देईल, ओरखडा पडत नाही. फक्त त्यावरून वय ठरत नाही, आजची नक्कल पण पितळेचीच असते.

माझगावकर

चुलतभावाला वेळीच सांगा, बॅगेतून नेणं सरळ गुन्हा ठरू शकतो. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तूत येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, वस्तू चिनी असली तरी. आणि शंभर वर्षांच्या आतली असेल तर पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे बघा, ज्या जुनेपणासाठी त्याला ती लिलावात न्यायचीय त्या जुनेपणामुळेच ती नेता येत नाही.

दुसरं, दोन ठिकाणी जाऊन या. काळा घोड्याच्या म्युझियममध्ये (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू आहेत, फोटोपेक्षा प्रत्यक्ष वस्तूसमोर उभं राहिलं की नजर तयार होते. आणि आमच्या माझगावात नवाब टँक रोडवर सी यूप कून आहे, डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत, १९१९ चं चिनी देऊळ. तिथे उदबत्त्या राखेत खोचून लावतात. मी लहानपणी वडिलांबरोबर चिनी नवीन वर्षाला जायचो तेव्हाचा तो वास अजून नाकात आहे.

पारशी शेटकडून आलं हे पण महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची चीनमधल्या कँटन बंदराला ये-जा होती, सर जमशेटजी जीजीभाईंनी स्वतः चीनच्या सफरी केल्या, गारा साड्या, चिनी मातीची भांडी हे सगळं त्याच जहाजांतून आलं. आजोबांच्या हातचं काही लिहिलेलं आहे का घरात? वही, पत्र, जुना फोटो? वस्तू कुठून कुणाकडे आली याचा कागद शिक्क्यापेक्षा जास्त बोलतो.

गिरगावकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री जागून सगळं पुन्हा पुन्हा वाचलं.

भिंग शेजारच्या आजोबांकडून आणलं. कडा धारदार आहेत, चौकटीची जमीन सपाट आहे, एका अक्षराच्या बाजूला बारीक छिन्नीच्या खुणा दिसतात. 'दे' मध्ये ती आडवी रेघ नाहीये. पाय टोकाला पिवळे झालेत, कान पण, पण डावा कान जास्त, कारण आजी डाव्या हाताने धरून घरभर फिरवायची (माझ्या लक्षात आहे, उजव्या हातात पंखा असायचा). आत तळाला मात्र काळं कडक पूट आहे, तेही तसंच ठेवू ना? हिरवी भुकटी कुठेच नाही.

आणि माझगावकर दादा, तुमच्यामुळे ट्रंक उघडली. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत मोडीत एक ओळ आहे, माझ्या मामेसासऱ्यांना मोडी येतं त्यांनी वाचली, 'शेटाणीबाईंकडून चिनी धुपाटणे १ नग, भेट'. बस एवढंच. मी ती ओळ वाचून रडले.

जुनं_पितळ

वहीच्या त्या पानाचा फोटो काढा, वही आणि धुपाटणं वेगळं होऊ देऊ नका कधी.

तुम्ही लिहिलंत त्यावरून माझा अंदाज चिंग काळातलं चांगलं काम, अठरावं-एकोणिसावं शतक. हातात घेतल्याशिवाय यापुढे बोलणं बरोबर नाही. कोणी फोटो बघून 'नक्की मिंग' म्हणालं तर विश्वास ठेवू नका आणि कोणी 'नक्की नकली' म्हणत दोन हजारांत मागितलं तर त्याहून नको. आतलं पूट राहू द्या. वापरायचं असेल तर थेट निखारा तळावर ठेवू नका, खाली दोन बोटं चाळलेली राख घाला, तिकडे पण राखेतच कोळसा पुरतात आणि वरून मंद ऊब देतात. पावसाळ्यात राख काढून ठेवा, ती ओल धरते.

आपल्या म्हणीत तेल-तूप सगळं गेल्यावर हाती उरतं ते धुपाटणं, आणि तिकडे तेच विद्वानांच्या टेबलावर मानाने बसायचं. मला या म्हणीमुळे नेहमी वाईट वाटतं.

गिरगावकरीण

भावाशी फोनवर बोलले, कायद्याचं ऐकून तो गप्प झाला आणि मग म्हणाला तुझ्याकडेच राहू दे, मला फक्त वहीच्या त्या ओळीचा फोटो पाठव. काकूंना चिंचोका हातात देऊन धुपाटण्याशेजारी धरायला लावला, त्या म्हणाल्या हो गं, तोच रंग. ट्रान्झिटच्या खोलीत देवघराला फळी नाहीये, तोपर्यंत सिलिका जेल घालून स्टीलच्या डब्यात ठेवतेय. म्युझियमला रविवारी जाऊन येते, तिथे फुगीर पोटाची एखादी दिसली तर इथे लिहिते.