चालू क्रूझवरच पुढची क्रूझ बुक करून टाकावी का? अनुभव सांगा

मंडळी, जहाजावरूनच टाइप करतेय, नेट रांगतंय, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. उद्या शेवटचा सी डे, म्हणजे बंदर नाही, दिवसभर समुद्रातच, परवा सकाळी उतरायचं. जेवायला जाता-येता ते पुढच्या क्रूझच्या बुकिंगचं डेस्क लागतं आणि आमचे हे रोज तिथे पाच मिनिटं रेंगाळतात, काल रात्री तर माहितीपत्रक उशाखाली सापडलं. डेस्कवरची मुलगी म्हणते आत्ता केलंत तर डिपॉझिट कमी, वर ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला मिळणारी रक्कम), आणि जहाजावरून उतरलात की ऑफर संपली. हे 'उतरलात की संपली' ऐकलं की मला धडकीच भरते. ज्यांनी असं बुकिंग केलंय किंवा करून पस्तावलेत त्यांनी सविस्तर लिहा. फायदे तिने पाठ करून घेतलेत माझ्याकडून, मला तुमचं पुढे काय झालं ते हवंय.

*

आम्ही तीनदा केलंय. क्रेडिटबिडिट ठीक आहे हो, खरा फायदा केबिनचा. पहिल्या क्रूझला घरी बसून डेक प्लॅन बघून केबिन घेतलेली, नकाशात छान मधोमध, वर काय आहे ते बघायचं सुचलंच नाही. वर निघाला पूल डेक. पहाटे साडेपाचला डोक्यावर खर्रर्र, आरामखुर्च्या ओढून रांगेत लावतात, एक रांग झाली की दुसरी, आठही दिवस. मग त्याच जहाजावर पुन्हा यायचं ठरलं तेव्हा मी कागद-पेन घेऊन दोन डेक पायी फिरलो. कुठल्या केबिनच्या वर-खाली केबिनच आहेत, लिफ्ट किती लांब, कुठल्या बाल्कनीतून समुद्राऐवजी लाइफबोट दिसते, सगळं टिपलं आणि डेस्कवर जाऊन थेट केबिन नंबर सांगितला. बायको म्हणाली घर घेतानाही एवढं फिरला नव्हतात. पुढचं जहाज वेगळं असेल तर मात्र हा फायदा बाद, जुळं जहाज असेल तर मांडणी बरीचशी तीच असते.

*

माझा उलटा अनुभव. शेवटच्या दिवशी रांगेत सव्वा तास उभी, शेजारी बँड वाजतोय, मागचे लोक घड्याळ बघतायत आणि डेस्कवरचा माणूस भराभर स्क्रीन फिरवतोय. सही करून मोकळी झाले. घरी येऊन ईमेल नीट वाचला तर डिपॉझिट नॉन-रिफंडेबल!! चार महिन्यांनी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, रद्द करावं तर डिपॉझिट गेलं, तारीख बदलावी तर माणशी दंड. शेवटी दंड भरला. वाचलं नाही ही चूक माझीच, पण परत मिळणाऱ्या डिपॉझिटचं भाडंही आहे, जरा जास्त पडतं, एवढं त्याने एकदा तरी तोंडाने म्हणायला काय हरकत होती? बुकिंग करायचंच तर पहिल्या-दुसऱ्या सी डेला जा, तेव्हा डेस्क मोकळं असतं आणि डोकंही.

*

दोन गोष्टींची गल्लत होतेय. ठरावीक जहाज, तारीख, केबिन घेऊन केलेलं बुकिंग वेगळं, आणि नुसतं डिपॉझिट ठेवून तारीख नंतर ठरवायची ते वेगळं. प्रिन्सेस या क्रूझ कंपनीचं असं फ्यूचर क्रूझ डिपॉझिट आम्ही घेतलं तेव्हा माणशी १०० डॉलर होतं. डिस्नीच्या क्रूझवाले त्याला प्लेसहोल्डर म्हणतात, त्यावर आम्हाला पुढच्या बुकिंगला १०% सूट मिळाली, पण काही तारखांना ती चालत नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे मुदत कधी संपते आणि संपल्यावर पैसे परत येतात का ते लेखी घ्या. आणि तारीख ठरवताना जहाजावरून घाई करू नका, शाळेच्या सुट्ट्या, लग्नकार्यं, ऑफिसची रजा यातलं तिथे काहीच आठवत नाही.

*

अहो, क्रूझच्या सहाव्या दिवशी माणूस काहीही बुक करतो. भांडी नाहीत, स्वयंपाक नाही, पलंग दुसरंच कुणी आवरतंय, टॉवेलचा हत्ती करून ठेवतंय. त्या तंद्रीत मी अटलांटिक ओलांडणारी चौदा दिवसांची क्रूझ घेऊन बसलेलो, जहाजं एप्रिलमध्ये अमेरिकेकडून युरोपात नेतात ना, तेव्हाची, स्वस्त पडते म्हणून. सलग सात दिवस नुसतं पाणी. मला भयंकर आवडली, पण बायको अजून ऐकवते.

*

क्रेडिटबद्दल एक. ते म्हणजे रोख पैसे नव्हेत, न वापरलेलं बहुतेक वेळा बुडतं. आम्ही शेवटच्या रात्री अकराला दुकानात धावत जाऊन चार एकसारख्या टोप्या घेतल्या, कुणीच घालत नाही.

*

एजंटकडून क्रूझ घेतली असेल तर डेस्कवर त्याचं नाव सांगून बुकिंग त्याच्याकडेच वळवायला सांगा. नंतरही वळवता येतं, पण त्याला मुदत असते आणि पूर्ण पैसे भरून झाले की सहसा करत नाहीत. आमचा एजंट स्वतःचंही थोडं क्रेडिट देतो म्हणून मी हे कधी विसरत नाही.

दुसरं म्हणजे भाडं. फायनल पेमेंट साधारण ७५ ते १२० दिवस आधी असतं, कंपनी आणि क्रूझच्या लांबीप्रमाणे. तोपर्यंत भाडं उतरलं तर बऱ्याचदा कमी करून मिळतं, पण स्वतःहून फोन करावा लागतो. जानेवारी ते मार्च या दिवसांत ऑफरचा पाऊस असतो, वेव्ह सीझन म्हणतात, तेव्हा मी लक्ष ठेवून असते. एकदा भाडं खरंच उतरलं, तर म्हणे नवीन ऑफर घ्या पण जहाजावरचं क्रेडिट जाईल. वहीत बेरीज-वजाबाकी केली, जुनंच बरं निघालं. म्हणजे 'उतरलात की संपली' हे खरंही आहे आणि नाहीही.

*

आईची व्हीलचेअर असते. रुंद दाराच्या, न्हाणीघरात उंबरठा नसलेल्या केबिन जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर जातात, म्हणून आम्ही जहाजावरच घेतो, तेही खुर्ची बाथरूममध्ये वळते का ते फिरवून बघून. चौघांच्या केबिनचंही तसंच, लाइफबोटीतल्या जागांचा हिशोब असतो, त्यामुळे केबिन रिकामी दिसली तरी तिसरा-चौथा माणूस घालता येत नाही असं आमच्या भावाला ऐकावं लागलंय.

*

मार्च २०२० मध्ये जहाजं थांबली तेव्हा आमचं जहाजावर केलेलं बुकिंग अडकलं. पैसे परत घ्या किंवा पुढच्या क्रूझसाठी १२५% क्रेडिट घ्या असं बऱ्याच कंपन्यांनी दिलेलं, आम्ही १२५ चा आकडा बघून हुरळलो. ते वापरेपर्यंत भाडी इतकी वर गेली की वरचे २५ त्यातच जिरले. तेव्हापासून एका वेळी एकच बुकिंग.

*

धागाकर्ती हजर. सगळ्यांचे आभार. सकाळी ह्यांना त्यांच्या लाडक्या केबिनच्या दारात नेलं, मग जिना चढून बरोब्बर वर काय आहे ते बघितलं, तर बुफेचं स्वयंपाकघर! आतून ट्रॉल्यांचा खडखडाट चालू. हे गप्प. मग डेस्कवर जाऊन परत मिळणारं डिपॉझिट ठेवलं, तारीख नाही, केबिन नाही, मुदतीचा कागद मागून घेतला. ती मुलगी हसून म्हणाली, केबिन तर सरांनी परवाच धरून ठेवायला सांगितली होती. आता बॅगा भरतोय, संध्याकाळपर्यंत बोलतील बहुतेक.