म्हणे ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगला हात लावू नये!

उपद्व्यापी: काल इथे एकांनी सल्ला दिला, "ग्राफिक्स कार्ड बसवा, ते चालवणारा ड्रायव्हर टाका, त्याच्या सेटिंगच्या कंट्रोल पॅनेलकडे फिरकू नका. कंपनीला अक्कल आहे." असेल हो, पण कंपनीने माझा मॉनिटर पाहिलाय का? 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा घेतला आणि विंडोज तो 60 वर चालवत होतं. आठ महिने! विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा बदलला तेव्हा कुठे पैसे वसूल झाले. त्यात एचडीएमआयवर एनव्हिडियाचं कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतं आणि डायनॅमिक रेंज 'लिमिटेड' ठेवतं. म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा 0 ते 255 ऐवजी 16 ते 235. काळा रंग राखेसारखा दिसतो आणि लोक मॉनिटरला शिव्या घालतात. तिथे 'फुल' निवडायचं नाही?

निवांत नाना: ते 'एक' म्हणजे मी. नाव घ्यायला लाजू नका. सोसायटीतल्या पोरांचे उद्योग मीच निस्तरतो. एकाने डिजिटल व्हायब्रन्स, म्हणजे रंगांचा भडकपणा, 50 चा 100 केला, फोटोत आजी टोमॅटोसारखी लाल. आणि 60 काय, 144 काय, मला फरक दिसत नाही.

डीटीपीवाली: हर्ट्झ जाऊ द्या. मी 4के टीव्ही जोडला तर लाल अक्षरांतले रफार आणि अनुस्वार फिसकटायचे. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मराठी फॉन्टच तसले." फॉन्ट कसला! कलर फॉरमॅट, म्हणजे टीव्हीला रंग पाठवायची पद्धत, वायसीबीसीआर 4:2:2 वर होता, त्यात रंगाची माहिती आडवी निम्मीच जाते. रंगाची माहिती पूर्ण पाठवणारं आरजीबी केलं, टीव्हीवर इनपुटला 'पीसी' केलं, झालं.

वायरमन: आला दुकानदार मध्ये! ताई, बारा वर्षं हेच करतोय. निम्म्या तक्रारींत स्क्रीनची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला खोचलेली असते, चाळीस हजारांचं कार्ड आत झोपलेलं. एनव्हिडियाचं पॅनेल सरळ सांगतं की स्क्रीन कार्डाला जोडलेलीच नाही. वाचतंय कोण?

उपद्व्यापी: माझ्या भावाची केबल तुमच्याच एका बंधूने तशी खोचली होती. वर पाचशे घेतले.

वायरमन: पाचशेत तीन जिने चढून या की. गिऱ्हाईकच म्हणतं "बिल नको, जीएसटी वाचवा", आणि पंखा वाजला की वॉरंटी मागायला हजर!

डीटीपीवाली: मी 18 टक्के भरून पक्कं बिल घेतलं होतं. तरी "फॉन्ट तसले" का ऐकून घ्यायचं?

वायरमन: सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

डीटीपीवाली: सुरुवात "निम्म्या तक्रारी" म्हणून तुम्ही केलीत.

निवांत नाना: भांडा तुम्ही. मी आत्ता पाहिलं, माझा 75 चा मॉनिटर 60 वरच होता. केला 75. फरक शून्य.

उपद्व्यापी: नाना, माउस गरागरा फिरवून बघा.

निवांत नाना: फिरवला. बरं वाटतंय जरा. पण व्हायब्रन्सला हात लावलात तर याद राखा.

डीटीपीवाली: वायरमन, माझ्या बिलाचं उत्तर राहिलं.