चार खोल्यांच्या घरगुती निवासासाठी संकेतस्थळ करावे का?

किनारा_घर (प्रश्न)
अंजर्ल्यात आमचे चार खोल्यांचे घरगुती निवास आहे. राहण्याची आणि जेवणाची सोय आम्हीच पाहतो. कड्यावरच्या गणपतीला येणारे भाविक आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येणारी कुटुंबे हे आमचे मुख्य पाहुणे. सध्या निम्म्याहून अधिक बुकिंग एका मोठ्या पोर्टलवरून येते आणि कमिशन वजा होऊनच पैसे हाती पडतात. एका व्यावसायिकाने संकेतस्थळासाठी चाळीस हजार रुपये आणि देखभालीचे वर्षाला बारा हजार असे दरपत्रक दिले आहे. त्यात ऑनलाइन बुकिंग, पैसे भरण्याची सोय आणि ‘ॲडमिन पॅनल’ (मजकूर व बुकिंग आपणच हाताळण्याचे पान) आहे. आमच्यासारख्यांना एवढ्याची गरज आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

सुपारीबाग
माझ्या मते संकेतस्थळच नको. गूगल नकाशावर निवासाची नोंद स्वतःच्या नावावर पडताळून घ्या, तीवर चांगली छायाचित्रे आणि फोन क्रमांक ठेवा आणि व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. दोन्ही विनामूल्य आहेत. चार खोल्यांसाठी ऑनलाइन बुकिंग यंत्रणा घेतली, तर पोर्टलवर आणि स्वतःकडे एकच खोली दोनदा दिली जाण्याचा धोका वाढेल, तो वेगळाच.

तांबडी_माती
नकाशावरील नोंद आधी करावी, हे सुपारीबाग यांचे म्हणणे योग्य आहे. मात्र सगळा भार तिच्यावर टाकू नये. गूगल याच नोंदीला जोडून छोट्या व्यवसायांना फुकट संकेतस्थळ करून देत असे. ती सगळी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि ज्यांनी तोच पत्ता पाट्यांवर व कार्डांवर छापला होता, त्यांचे छापील साहित्य निरुपयोगी ठरले. म्हणून पत्ता, म्हणजे डोमेन, स्वतःचा असावा. ‘डॉट इन’ डोमेनचा खर्च साधारणपणे वर्षाला हजार रुपयांच्या आसपास असतो. पहिल्या वर्षीचा सवलतीचा दर पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. संकेतस्थळ कोणीही बनवले, तरी डोमेनची नोंदणी तुमच्या नावे, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या खात्यातून झालेली असावी. ती व्यावसायिकाच्या नावे राहिली आणि पुढे त्याच्याशी मतभेद झाले, तर तुमच्याच पाटीवरचा पत्ता त्याच्या ताब्यात असतो.

चाळीस हजारांचे काम तुम्हाला नको. मागे माहितीचा साठा (डेटाबेस) न लागणारे साधे एक-दोन पानी संकेतस्थळ क्लाउडफ्लेअर पेजेससारख्या सेवेवर विनामूल्य ठेवता येते आणि पत्त्याच्या सुरुवातीच्या ‘https’साठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्रही त्यासोबत मिळते. बुकिंगसाठी ‘व्हॉट्सॲपवर विचारा’ असे एक बटण पुरे. आगाऊ रक्कम यूपीआयने घ्यावी.

किनारा_घर
मनःपूर्वक आभार. मग त्या एक-दोन पानांत नेमके काय लिहावे? आणि मराठीत की इंग्रजीत?

तांबडी_माती
पाहुणे फोनवर जे विचारतात, तेच लिहा: खोलीचे भाडे किती, गाडी दारापर्यंत येते का, जेवणात मासे मिळतात का आणि संकष्टीला शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, वृद्धांना किती पायऱ्या चढाव्या लागतात, खेड स्थानकावर उतरल्यावर पुढे कसे यावे. दर लिहायला अनेकजण कचरतात. माझ्या मते दर न दिसल्यास पाहुणा विचारण्याची तसदी न घेता पोर्टलकडे वळतो. मजकूर आधी मराठीत आणि खाली थोडक्यात इंग्रजीत द्यावा. तो छायाचित्रात लिहू नये, कारण शोधयंत्राला तो नीट वाचता येईल याची खात्री नसते. छायाचित्रेही लहान करून चढवावीत. मोबाइलवर काढलेले चार-पाच एमबीचे चित्र घाटातल्या अशक्त नेटवर्कवर उघडतच नाही.

खाडीपल्याड
कासवांबद्दल एक सूचना. अंड्यांतून पिल्ले बाहेर येण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात आणि प्रत्येक घरट्याची तारीख वेगळी असते, त्यामुळे ‘हमखास दर्शन’ असे मुळीच लिहू नये. निराश पाहुण्याचा अभिप्राय नकाशावरील नोंदीवरच येतो. त्याऐवजी हंगामात ‘या आठवड्यातील स्थिती’ अशी दोन ओळींची जागा ठेवावी आणि तिच्याखाली तारीख टाकावी. पिल्ले सहसा सकाळी आणि संध्याकाळी सोडली जातात, त्या वेळी टॉर्च आणि फ्लॅश वापरू नये, हेही तेथेच सांगता येईल. पोर्टलवर ही माहिती कोणी देत नाही. ती शोधणारा माणूस तुमच्या पानावर आला, तर खोलीही तुमच्याकडेच विचारेल.

सुपारीबाग
डोमेनचा मुद्दा मान्य. फक्त पोर्टलपेक्षा कमी दर स्वतःच्या पानावर लिहिण्याआधी त्यांचा करार वाचून घ्या. काही करारांत तशी मनाई असते. तशी अट असल्यास भाडे तेच ठेवून थेट बुकिंग करणाऱ्यांना न्याहारी समाविष्ट देता येते का, तेही करारातच तपासा.