आरोग्य-संशोधनात पुढे जायचे आहे, मार्गदर्शक कसा शोधावा? (बेळगाव-निपाणी परिसर)

निपाणीची_लेक:
नमस्कार. माझी आजी आणि आई दोघींनीही आयुष्यभर विड्या वळल्या. आमच्या दलित वस्तीतून एम.एस्सी. झालेली मी पहिली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सगळे इंग्रजीत, आणि गेली तीन वर्षे बेळगावातल्या एका माता-आरोग्य प्रकल्पात मी गावोगाव फिरून माहिती गोळा करते. आमचे फॉर्म कन्नडमध्ये आहेत, पण खानापूरकडच्या कितीतरी घरांत बोलणे मराठीत चालते. "अशक्तपणा वाटतो का?" असे विचारले की बायका नाही म्हणायच्या, आणि थोड्या वेळाने भाकरी थापता थापता "दुपारनंतर हातपाय गळून जातात बघ" असे सांगायच्या. ते शब्द मी फॉर्मच्या समासात पेन्सिलने लिहून ठेवू लागले. पुढे त्यांच्यावरूनच प्रश्नावली सुधारली गेली, शोधनिबंध छापून आला, आणि त्यात माझे नाव कुठेच नव्हते.

मला पीएच.डी. करायची आहे. प्रस्ताव कसा लिहितात हे सांगणारे घरात, नात्यात कोणी नाही. मार्गदर्शक कसा शोधावा, फेलोशिप कोणती मिळेल, आणि नावाचा विषय काढावा की गप्प राहावे?

शहापूरचे_डॉक्टर:
ताई, गप्प राहू नका. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिने लेखकपदासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम प्रतीला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. पहिली अट पूर्ण करणाऱ्याला मसुदा लिहिण्यात, तपासण्यात आणि अंतिम मान्यता देण्यात भाग घेण्याची संधी दिली पाहिजे, असेही तीच समिती सांगते. नुसती माहिती गोळा केल्याने लेखकपद मिळत नाही, हे खरे आहे. पण प्रश्नावली घडवणे हे नुसते गोळा करणे नव्हे. समासातल्या नोंदींचे तारखेसह फोटो काढून ठेवा, आणि पुढच्या निबंधाचे काम सुरू होण्यापूर्वीच "मसुद्याचा हा भाग मी लिहू का?" असे ईमेलने विचारा. छापून आल्यावर मागितले की तक्रार वाटते, आधी मागितले की काम वाटते.

आपल्या जिल्ह्याचा दाखला आठवतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रोखता येतो का, याची चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बायकांवर झाली आणि २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. गोळ्या देणाऱ्या आणि खुणांच्या प्लास्टिक पिशवीत रक्त मोजणाऱ्या गावपातळीवरच्या एएनएम, म्हणजे प्रसूतीचे काम पाहणाऱ्या आरोग्यसेविका होत्या. तुमच्यासारख्यांच्या हातांवाचून ते निष्कर्ष जगापुढे आलेच नसते, असे मी मनापासून मानतो.

चिकोडी_ते_पुणे:
मीही तुमच्याच वाटेने आलो, म्हणून पैशांचे आधी सांगतो, कारण सीमाभागातली मुले इथेच फसतात. पुण्याच्या बार्टीची (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेची) फेलोशिप महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. आपला रहिवास आणि जातीचा दाखला कर्नाटकाचा, त्यामुळे तिच्या अर्जात वेळ घालवू नका. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपला असे राज्याचे बंधन नाही, म्हणून तुम्ही कोल्हापूरला गेलात किंवा पुण्याला, तरी ती चालते. मात्र नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी आजच सुरू करा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे घरी हातभार लावून शिकता येते.

मार्गदर्शक एकच माणूस असतो ही समजूत मला फार महाग पडली. माझा प्रस्ताव लाल शाईने रंगवणाऱ्या मॅडम वेगळ्या होत्या, मुलाखतीत काय विचारतील हे सांगणारा वर्षभराने पुढचा दादा वेगळा होता, आणि मी नसलेल्या बैठकीत माझे नाव सुचवणारे सर आणखी वेगळे होते. या तिसऱ्या माणसाची उणीव आपल्याला सर्वांत जास्त भासते, कारण ओळखीच्या घरातल्या मुलांना तो आयता मिळतो. "मला मार्गदर्शन करा" असे मोघम पत्र पाठवू नका. त्यांचा एक निबंध वाचा, त्यावर एक नेमका प्रश्न विचारा आणि स्वतःचे एकच पान जोडा. बेळगावातच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या खुल्या व्याख्यानांना जा आणि प्रश्न विचारा.

आणखी एक. आपल्याला डावलले जाते असे वाटणे हा आपला न्यूनगंड नाही. अमेरिकेत २०११ साली सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात शिक्षण, आधीची अनुदाने आणि शोधनिबंध जमेस धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे अनुदान मिळण्याची शक्यता १० टक्के-बिंदूंनी कमी निघाली. त्यानंतर २०१४ साली त्याच एनआयएचने मार्गदर्शनाचे राष्ट्रीय जाळे उभे केले. आपल्याकडे तसे जाळे आपणच विणायला हवे, म्हणून तुमचे पान मला पाठवा, मी वाचतो.

निपाणीची_लेक:
सर, दादा, मनापासून आभार. समासाच्या नोंदी काल रात्री बसून मोजल्या, सत्तेचाळीस निघाल्या. त्यांतल्या "हातपाय गळणे" आणि "डोळ्यांपुढे अंधारी" या दोन शब्दांवरच एक पान लिहायला घेतले आहे. रविवारी पाठवते.