गेम आर्टसाठी स्कल्प्टिंग आधी शिकावं का?

पारसिककर: धाकट्या बहिणीची बारावी झालीय, तिला गेमसाठी एन्व्हायर्नमेंट आर्ट, म्हणजे गेममधले दगड, भिंती, परिसर घडवणं शिकायचंय. क्लासवाले पहिले तीन महिने नुसतं स्कल्प्टिंग (संगणकावर मातीसारखा आकार घडवणं) शिकवतात. मला ते पटतं. पारसिकच्या डोंगरावरच्या दगडांचे फोटो काढून तिने झीब्रश या स्कल्प्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक दगड केला. पहिला अगदी पुरणाच्या गोळ्यासारखा, सगळ्या कडा सारख्याच गुळगुळीत. मग परत जाऊन नीट पाहिलं. इथला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, भेगेवर फुटला की सपाट बाजू आणि धारदार कड निघते, झिजते ती उघड्यावरची कड. तिने ट्रिमडायनॅमिक या सपाट करणाऱ्या ब्रशने आधी मोठ्या सपाट बाजू पाडल्या, बारीक खरबरीतपणा अगदी शेवटी. तेव्हा कुठे दगड दगडासारखा दिसला. ही नजर दुसऱ्या कशाने येणार?

ऐरोली_३डी: ताई, नजर येते हे मान्य. पण मी नोकरीसाठी आलेले पोर्टफोलिओ बघतो. चाळीस लाख पॉलिगॉनचा (पृष्ठभागाच्या तुकड्यांचा) देखणा दगड असतो, पण लो पॉली (कमी पॉलिगॉनची हलकी प्रत) नाही, यूव्ही (टेक्स्चर बसवायला उलगडलेला पृष्ठभाग) नाही, नॉर्मल मॅप बेक केलेला (बारकावे चित्रात उतरवून हलक्या प्रतीवर दाखवलेले) नाही. तो गेममध्ये ठेवायचा कसा? रोजचं काम म्हणजे मॉड्युलर (जोडता येणाऱ्या तुकड्यांच्या) भिंती, ट्रिम शीट (अनेक वस्तूंवर वापरायच्या पट्ट्यांचं एकच टेक्स्चर), टाइल होणारी, म्हणजे सांधा न दिसता शेजारी शेजारी लागणारी टेक्स्चर. दगड तर मेगास्कॅन्स या खऱ्या वस्तूंच्या ३डी स्कॅनच्या संग्रहात तयार मिळतात. आधी इंजिन, म्हणजे गेम ज्यात जुळवतात ते सॉफ्टवेअर, शिकू दे.

कोपरी_नाका: अनरील 5 या इंजिनमध्ये नॅनाइट आहे, ते जड मॉडेलही पेलतं, आता लो पॉली कशाला?

ऐरोली_३डी: आपल्याकडे बरंच काम मोबाइल गेमचं असतं. तिथे नॅनाइट गृहीत धरू नका. यूव्ही तर नॅनाइटमध्येही लागतातच.

पारसिककर: तयार दगड सगळ्यांकडे तेच असतात. घोडबंदर किल्ल्याची ढासळलेली भिंत हवी असेल तर ती हातानेच घडवावी लागेल ना? आणि स्कॅन दुरुस्त करायलाही ब्रश धरता यायला हवा.

कळवा_आई: माझी एकच विनंती, यासाठी कर्ज काढू नका. झीब्रशची वर्गणी भरत राहावी लागते. ब्लेंडर फुकट आहे, त्यात स्कल्प्टिंग आहे, बेकिंगही आहे. माझा मुलगा त्यावरच शिकला.

ऐरोली_३डी: शंभर टक्के सहमत. पण तीन महिने नुसतं स्कल्प्टिंग, याला माझा विरोध कायम आहे.

पारसिककर: बहिणीला सगळं वाचून दाखवलं. दगड अर्धवट सोडणार नाही म्हणते. या आठवड्यात त्याचा लो पॉली करून बेक करणार आणि अनरीलमध्ये ठेवणार. झाला की इथे टाकते. चुका स्पष्ट सांगा.