‘डेझर्ट ब्लूज’ म्हणणं आता पुरे

माळरान
अली फार्का तुरे लावला की कुणीतरी म्हणतंच, "हा तर आफ्रिकेतला जॉन ली हूकर!" माझं डोकंच फिरतं. हूकर अमेरिकेतला ब्लूजवाला, आणि ब्लूज म्हणजे तिथल्या काळ्यांचं लोकसंगीत. तुरे हा गिटारवाला पश्चिम आफ्रिकेतल्या मालीतला, नायजर नदीकाठच्या नियाफुंकेचा. पोरवयात जुर्केल नावाचं एकतारी वाद्य वाजवायचा, मग त्याच चाली गिटारवर आणल्या. हूकर त्याने ऐकला तो बराच नंतर, आणि त्याला वाटलं, ही तर आपल्याकडची तमाशेक गाणी! (तमाशेक ही सहारातल्या तुआरेग भटक्यांची भाषा, तमाशाशी संबंध नाही.) ब्लूजचं मूळ आमच्याकडे, अमेरिकेत नुसत्या फांद्या, असं तो सांगत राहिला. तरी त्याच्या संगीतावर चिठ्ठी ‘डेझर्ट ब्लूज’ची, म्हणजे वाळवंटातल्या ब्लूजची. बापाला पोराच्या नावाने ओळखायचा प्रकार आहे हा. आणि डेझर्ट कसलं? हा गडी नदीचं पाणी खेळवून भात पिकवायचा. २००४ मध्ये गावचा महापौरही झाला.

गिटारबाज
बाप-पोर हेच नातं मला मान्य नाही. अमेरिकेने गुलामांची आयात कायद्याने बंद केली १८०८ साली. मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर तारांवर सुरी घासून गिटार वाजवणारा माणूस डब्ल्यू. सी. हँडी या ब्लूज संगीतकाराला दिसला तो १९०३ च्या सुमारास. मधल्या शंभर वर्षांत कापसाची शेतं, चर्चमधली गाणी, गोऱ्यांचे पोवाडेवजा बॅलड, काँगो-अंगोलाकडून आणलेल्यांचे वंशज, सगळं एकत्र शिजलं. माली ते मिसिसिपी थेट एसटी नव्हती हो.
राहिली एकतारी. मिसिसिपीतली पोरंही भिंतीवर केरसुणीची तार ठोकून, खाली बाटली सरकवून वाजवायची, त्याला डिडली बो म्हणतात. पण एक तार तर आपल्या तुणतुण्यालाही आहे. म्हणून शाहिरी काय नायजरकाठून आली?

उंबरा
तुणतुणं झकास, पण एक गोष्ट सुटली. १७३९ मध्ये साउथ कॅरोलायनात गुलामांचं बंड झालं, ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथे कायद्याने ढोलबंदी आली. ढोल गेले की मागे काय उरणार? तारा आणि गळा. सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातून आलेल्यांकडे हे दोन्ही होतं. तिथलं अंगोनी हे तारांचं वाद्य घ्या, सेनेगल-गांबियातलं आकोंतिंग घ्या. भोपळ्याला कातडं ताणून केलेलं आकोंतिंग आणि जुना अमेरिकन बँजो (आपला बँजो पार्टीतला नव्हे) शेजारी ठेवून बघा, किती सारखे आहेत.

गिटारबाज
बँजो दिला तुम्हाला. पण बँजो म्हणजे ब्लूज नव्हे.
काल रात्री हूकरचं १९४८ चं ‘बूगी चिलन’ लावलं आणि पाठोपाठ तुरे. हूकर अख्खं गाणं एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यावर) काढतो, वर पायाचा ठेका. तुरेही एका सुराभोवती घुटमळत राहतो. साम्य आहे, नाकारत नाही. मग बी. बी. किंग लावला, तोही अमेरिकन ब्लूजवालाच. बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या चौकटीत फिरणारे तीन कॉर्ड, मागे ट्रम्पेट-सॅक्सचा ताफा. हे मालीत दाखवा! तुलनेला दरवेळी हूकरच का लागतो, याचा विचार करा. जुळतं तेवढंच उचलायचं आणि त्याला वंशावळ म्हणायचं.

रातकिडा
नावावरून कशाला भांडता? ब्लूज म्हटलं म्हणून निदान रेकॉर्ड विकली जाते. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरचा १९९४ चा अल्बम नसता तर तुरेचं नाव आपल्या कानावर आलं असतं का? तोच कूडर वर्षभर आधी जयपूरच्या विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेसोबत वाजवत होता, त्याला कुणी ‘जयपूर ब्लूज’ म्हटलं नाही, हेही खरं.

माळरान
बघा, स्वतःच माझी बाजू मांडलीत!
तिनारिवेन या तुआरेग बँडच्या इब्राहिमने पहिली गिटार केली ती डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार जोडून. पुढे कॅसेटवर अमेरिकन गिटारवाला हेंड्रिक्सही ऐकला, म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून, कबूल. पण आपल्या संगीताला ते ‘असूफ’ म्हणतात. एकटेपण, घरची ओढ, सगळं त्यात आलं. घरचा शब्द असताना बाहेरचा कशाला?

गिटारबाज
असूफ आवडला. पण तो तुआरेगांचा, वाळवंटातला. नियाफुंकेच्या भातवाल्याला तो चिकटवणार असाल तर तुम्हीही चिठ्ठीच लावताय.

माळरान
बरं. ब्लूज तूर्तास राहू दे. डेझर्ट तरी काढा.